डग्गा घुमतोय, खर्ज हरवलाय

वाचकांच्या शंका : घरातला आवाज

प्रश्न : माझी खोली १२ बाय १५ फूट, छत १० फुटांवर. जुनं घर आहे. वडिलांनी १९८६ साली घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर अजून चालू आहे. त्याला ५ इंची वूफरचे दोन छोटे बॉक्स जोडलेत. ऐकणं बहुतेक ख्यालाचं, तेही एल.पी.वरून. खालचा आवाज पातळ वाटायचा म्हणून दिवाळीत १० इंची सबवूफर आणला. रिकामी जागा कोपऱ्यातच होती, तिथे ठेवला. आता डग्गा असा घुमतो की घरातली मंडळी म्हणतात, मिरवणूक दारात आली. सबचा आवाज कमी केला तर तो चालू आहे की बंद तेच कळत नाही. सब खराब निघाला का? दुकानदार म्हणतो वेगळा क्रॉसओव्हर घ्या, म्हणजे खालचा आवाज सबला आणि वरचा बॉक्सना वाटून देणारं यंत्र. घ्यावा का?
— निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : सर, सब बदलू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो चांगला आहे. बिघाड आहे तो कोपऱ्यात. आणि आवाज कमी केल्यावर ‘चालू की बंद कळत नाही’ ही तक्रार म्हणून लिहिलीत, पण सब त्याच आवाजावर असायला हवा.

आपल्या कोल्हापुरात खालचा आवाज म्हटला की मिरवणुकीतला डॉल्बी आठवतो. छातीवर दणका बसला म्हणजे बेस आला, असा कान तयार झालाय दोन पिढ्यांचा. लक्ष्मीपुरीत मी ३१ वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. नवीन सब घेतलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात त्याचा गेन, म्हणजे सबच्या आवाजाचा नॉब, दणका ऐकू येईपर्यंत वर नेतो आणि महिन्याभरात सब बंद करून टाकतो, कारण गाणं ऐकवत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पैसे वाया जातात हे एक, आणि ज्यासाठी सब आणला ते गाणं त्याला कधी ऐकूच येत नाही.

आमच्या घरी मिरजेचा तानपुरा होता. वडील पहाटे लावायचे. मी शहाबादी फरशीवर झोपलेलो असायचो आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार कानाला लागायच्या आधी पाठीला लागायची. दणका नव्हता त्यात, नुसती ऊब होती. खालचा आवाज म्हणजे काय हे मी तिथे शिकलो आणि पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाचा सब त्याच आठवणीवर लावून दिला.

आता आकडे बघू. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरला तर तानपुऱ्याची जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, वाजते १३९ हर्ट्झच्या जवळ, पंचम १०४ ला, आणि खर्ज ६९ ला. तुमचे ५ इंची बॉक्स ६५-७० च्या आसपास दमतात. म्हणजे जोड पूर्ण येते, पंचम येतो आणि खर्ज अर्धामुर्धा. तुम्हाला ‘पातळ’ वाटत होतं ते हेच. बाईंचं गाणं असेल तर गोष्ट वेगळी. काळी पाचच्या षड्जाचा खर्ज ११६ च्या वर असतो, तो तुमचे छोटे बॉक्सच निभावतात. केसरबाई केरकरांची जुनी ७८ आर.पी.एम.ची तबकडी ऐकताना सब जवळजवळ गप्प राहिला तर घाबरू नका, त्यात त्याला देण्यासारखं फारसं काही नसतंच.

मग मिरवणूक कुठून आली? तुमच्या खोलीतून. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. या अंतरात ज्या आवाजाची अर्धी लाट बरोबर बसते, तो आवाज समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून फुगतो. तुमच्या खोलीत लांबीचा असा स्वर ३८ हर्ट्झच्या जवळ, रुंदीचा ४७, उंचीचा ५६. त्यांच्या दुप्पट म्हणजे ७५, ९४, ११२, तेही फुगतात. डग्गेवाला मनगटाने मींड घेतो तेव्हा स्वर नेमका या टप्प्यातून वर सरकतो. एकाच ‘घे’मध्ये आवाज मध्येच फुगतो, मग बसतो, पुन्हा फुगतो. तुमच्याकडे असं होतंय का ते एकदा लक्ष देऊन ऐका. होत असेल तर वादकाने तसं वाजवलेलं नाही, ते तुमच्या भिंती वाजवतायत. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, तिथून हे सगळे अडकलेले स्वर एकदम उठतात. सबला तिथे ठेवणं म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बसून बोलणं.

जागा शोधायची रीत सोपी आहे, फक्त थोडं वाकावं लागतं. सब उचलून तुमच्या खुर्चीवर ठेवा, खरोखर खुर्चीवर. डग्ग्याचं काम स्पष्ट असलेली एक तबकडी लावा. मग भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरा, कान सबच्या उंचीला ठेवून. एका जागी आवाज घुमेल, दुसऱ्या जागी गायब होईल. एखादी जागा अशी सापडेल जिथे डग्ग्याचा प्रत्येक ठोका सुटा, एकसारखा ऐकू येईल. खडूने खूण करा. सब तिथे, तुम्ही परत खुर्चीवर. गुडघे दुखत असतील तर नातवाला फिरवा, मुलांचे कान आपल्यापेक्षा चांगलेच असतात. आणि तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर दोन-अडीच फूट पुढे ओढा. भिंतीलगत खालचा आवाज सगळ्यात जास्त साठतो.

आता क्रॉसओव्हर. दुकानदार चुकीचं सांगत नाही, पण कशासाठी हवा ते त्याने सांगितलं नाही. सबच्या मागे जो हर्ट्झ लिहिलेला नॉब असतो तो फक्त सबचा वरचा आवाज कापतो. तुमच्या छोट्या बॉक्सना तो काहीच करत नाही. ते आपले अजूनही ४० हर्ट्झ वाजवायला धडपडतायत. स्वर निम्म्यावर आला की तेवढाच आवाज द्यायला वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० ला १ मिलिमीटर हलणारा पडदा ४० ला ४ मिलिमीटर मागेल. आणि त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही स्वार असतो! खालचं ओझं काढून घेतलं की पहिला फायदा गळ्याला होतो. आकार मोकळा होतो, तान सुटी होते. सब जोडण्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, आणि नेमकं हेच बहुतेक जण अर्धवट सोडतात.

तुमच्या ॲम्प्लिफायरच्या मागे बघा. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांना मागे यू आकाराच्या दोन धातूच्या पिना असतात, प्री-आउट (जिथून बारीक सिग्नल बाहेर येतो) आणि मेन-इन (जिथून तो ताकद देणाऱ्या भागात जातो) जोडणाऱ्या. असतील तर तुमचं नशीब चांगलं. यंत्र बंद करून त्या काढायच्या आणि मध्ये इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर बसवायचा. ८० हर्ट्झ, सप्तकाला २४ डेसिबल उताराचा, लिंकविट्झ-रायली जातीचा घ्या. लिंकविट्झ आणि रायली हे ह्यूलेट-पॅकार्डमधले दोन इंजिनिअर, त्यांनी १९७६ साली ही रचना मांडली. तिची खुबी अशी की ८० ला वरचा आणि खालचा दोन्ही भाग बरोबर ६ डेसिबलने खाली असतात, आणि दोघे एका पावलात चालत असल्यामुळे बेरीज सपाट येते. जोडाच्या जागी फुगवटा नाही, खड्डा नाही.

इतका खर्च नको असेल तर दुसरा रस्ता आहे, मी पुष्कळांना करून दिला. प्री-आउटमधून वाय केबलने दोन वाटा काढा. एक सरळ सबला. दुसरी मेन-इनला, पण प्रत्येक चॅनेलच्या वाटेत एक ०.०४७ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कंडेन्सर घाला. मेन-इनचा इनपुट ४७ किलोओहमचा असेल तर ७२ हर्ट्झपासून खालचं हळूहळू उतरतं, दर सप्तकाला ६ डेसिबल. इनपुट २२ किलोओहमचा असेल तर ०.१ चा कंडेन्सर, म्हणजे पुन्हा ७२ च. मॅन्युअलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. दोन कंडेन्सर चहाच्या पैशांत मिळतात. उतार मंद आहे, पण गळ्यात पडणारा फरक पहिल्याच मिनिटाला कळेल.

पिना नसतील तर सबच्या ‘हाय लेव्हल’ तोंडांना ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून वायर न्या. छोटे बॉक्स आहेत तसेच राहू देत. ॲम्प्लिफायरवर जास्तीचा भार येत नाही, सब त्यातून नावापुरताच करंट घेतो. या जोडणीत छोट्यांचं ओझं कमी होत नाही, म्हणून सबचा नॉब ८० ला नको. ५५-६० ला ठेवा, म्हणजे बॉक्स जिथे दमतात तिथून सब हात देईल.

मग फेजचा स्विच, शून्य की १८०, म्हणजे सबचा पडदा बॉक्सच्या पडद्यांबरोबर हलतो की उलटा. मोबाइलवर ८० हर्ट्झचा सूर देणारं फुकटचं ॲप मिळतं. तो सूर ॲम्प्लिफायरमधून वाजवा, तुम्ही खुर्चीवर बसा, दुसऱ्या कुणाला स्विच इकडेतिकडे करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बाजू बरोबर. दुसऱ्या बाजूला दोघे एकमेकांना खोडतायत.

एक गोष्ट एल.पी. ऐकणाऱ्यांसाठी खास. तबकडी जराशी वाकडी असली तरी सुई वर-खाली होते आणि ५-१० हर्ट्झचा न ऐकू येणारा हेलकावा तयार होतो. सब तो इमानाने वाजवायला जातो. ऐकू काही येत नाही, पण सबचा पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होताना दिसतो. सबला भोक असेल, म्हणजे पोर्टवाला असेल, तर हे जास्त धोक्याचं. त्या खालच्या भागात पेटीतली हवा पडद्याला आवरत नाही. तुमच्या ॲम्प्लिफायरवर ‘सबसॉनिक’ किंवा ‘लो फिल्टर’ असं बटण असेल तर ते दाबून ठेवा, कायमचं.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. स्वतः सब बनवतोय. सबसाठी आणि वरच्या बॉक्ससाठी ८० हर्ट्झचा कॉइल-कंडेन्सरचा क्रॉसओव्हर एकाच ॲम्प्लिफायरवर करायचा आहे. व्हॅल्यू सांगा.
— वाचक, वय २४

उत्तर : व्हॅल्यू सांगतो, पण आधी त्या बघा आणि मग ठरवा. ८ ओहमच्या बॉक्सला ८० हर्ट्झवर कापायचं तर कंडेन्सर लागतो २४९ मायक्रोफॅरडचा आणि कॉइल १६ मिलिहेन्रीची. हेच काम वूफर आणि ट्वीटरच्या मध्ये ३००० हर्ट्झवर करायचं असतं तर कंडेन्सर ६.६ आणि कॉइल ०.४२ मध्ये भागलं असतं. खाली गेलो की सामान असं वाढतं. १६ मिलिहेन्रीची कॉइल म्हणजे तांब्याचं भेंडोळं, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स वूफरच्या वाटेत कायमचा बसतो आणि ॲम्प्लिफायरची पडद्यावरची पकड सुटते. कंडेन्सरसाठी लोक ४७० चे दोन इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावतात, २३५ मिळतात, हिशेबात ८५ हर्ट्झ येतात.

पण हिशेब ८ ओहमचा आहे आणि वूफर ८ ओहमचा राहत नाही, ही खरी अडचण. त्याच्या स्वतःच्या कंपनाच्या जागी तो २५-३० ओहमवरही जातो, आणि ती जागा नेमकी ८० च्या शेजारीच असते. कागदावरचा ८० प्रत्यक्षात कुठे पडेल ते कुणी सांगू शकत नाही. वूफर-ट्वीटरमध्ये कॉइल-कंडेन्सर वापरा, बिनधास्त. सबसाठी सबचा वेगळा ॲम्प्लिफायर घ्या आणि कापाकापी त्याच्या आधी, बारीक सिग्नलवर करा. एनई ५५३२ किंवा टीएल ०७२ चे ऑपॲम्प (बारीक सिग्नलच्या चिप), १५-०-१५ व्होल्टचा सप्लाय, १ टक्का फरकाचे रेझिस्टर. १६ मिलिहेन्रीच्या एका कॉइलच्या तांब्याच्या किमतीत अख्खं सर्किट होईल.

तुमची खरी ताकद पेटीत आहे, आणि वर्कशॉप असलेल्या मुलाने पत्रात पेटीबद्दल एक ओळ लिहू नये याचं मला आश्चर्य वाटलं. वूफर घेताना त्याच्या कागदावर एफएस (वूफरच्या स्वतःच्या कंपनाचा स्वर), क्यूटीएस (ते कंपन किती आवरलं जातं) आणि व्हीएएस (पडद्याइतकीच लवचीक हवा किती लिटर) हे तीन आकडे मागून घ्या. थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि पुढे स्मॉल यांनी पेटीचं गणित या आकड्यांवर बसवलं. ते आकडे नसलेला वूफर कितीही स्वस्त असो, घेऊ नका, त्याची पेटी अंदाजानेच होणार. पहिली पेटी बंद करा, पोर्टची नको. बंद पेटीचा उतार सप्तकाला १२ डेसिबल असतो, पोर्टच्या पेटीचा २४. पोर्टची लांबी चुकली तर सगळं चुकतं. बंद पेटी चार-दोन लिटरची चूक पोटात घालते. प्लायवूड १८ मिलिमीटरच्या खाली नको, समोरची फळी दुहेरी, आत आडवी पट्टी मारा आणि प्रत्येक सांधा आतून फेव्हिकॉल-भुशाच्या लुगदीने भरा. मुठीने पेटी ठोका. ‘ढप्प’ आलं पाहिजे, ‘ढम्म’ आलं तर अजून एक पट्टी.

प्रश्न : टीव्हीची केबल जोडली की सबमधून सतत हूं असा आवाज येतो. ओळखीच्या एका दुकानात सांगितलं, प्लगची तिसरी पिन काढून टाका. काढू का?
— वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही, ताई. अजिबात नाही. ती तिसरी पिन अर्थिंगची. सबचा धातूचा भाग आतून २३० व्होल्टला चिकटला तर तीच तुम्हाला वाचवते. हूं जाईल आणि घरातल्या कुणाचा तरी जीव धोक्यात येईल.

तो हूं ५० किंवा १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे विजेचाच. टीव्ही केबलची अर्थ आणि घराची अर्थ दोन वेगळ्या जागी जमिनीत जातात, आणि तुमच्या ऑडिओ केबलमधून त्या दोघींचा फेरा पूर्ण होतो. सेट-टॉप बॉक्सची मागची केबल काढून बघा. हूं थांबला तर ओळख पटली. आधी टीव्ही, बॉक्स, ॲम्प्लिफायर, सब सगळं एकाच बोर्डवर लावा, पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर सबच्या ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो आवाज जाऊ देतो पण तो फेरा तोडतो.

प्रश्न : फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकांची तक्रार येते, तीही रात्री हळू ऐकत असताना. फोमचे तुकडे भिंतीला लावले, उपयोग शून्य.
— वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. दोन इंची फोम तिला दिसतही नाही. फोम काढून टाका, किंवा बोलण्याचा प्रतिध्वनी कमी करायला राहू द्या.

रात्रीच तक्रार का येते, त्याला कारण आहे. आवाज हळू केला की आपल्या कानाला खालचे स्वर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. मग आपण नकळत सब वाढवतो. आपल्याला तो पुरेसा वाटतो, खाली मात्र स्लॅबमधून फक्त सबचाच आवाज उतरतो. काकांना गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड येते. ती सहन करणं किती कठीण असतं हे समजून घ्या.

सबला खुर्चीच्या अगदी जवळ आणा, हातभर अंतरावर, सोफ्याच्या मागे चालेल. जवळ आला की गेन निम्म्याहून खाली नेता येतो, आणि स्लॅबला जाणारा आवाजही तेवढाच उतरतो. सबखाली जाड रबर ठेवा, पायांतून जाणारी थरथर थांबेल. हवेतून जाणारा आवाज रबराने थांबत नाही. आणि दहानंतर सबचा स्विच बंद. वस्तीच्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहेच. काकांना एकदा वर बोलावून त्यांच्यासमोर गेन लावा, त्यांना पसंत पडेल तिथे नॉबवर मार्करने खूण करा. माझ्या ओळखीच्या दोन घरांतली भांडणं अशीच मिटली.

प्रश्न : सब लावताना कोणती तबकडी वाजवावी?
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पुरुष गायकाची, जिच्या सुरुवातीला तानपुरा काही वेळ एकटा आहे अशी कुठलीही. सबचा गेन शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि राईएवढा राईएवढा वर न्या. एका जागी तानपुऱ्याला बूड येईल. आवाज मोठा होणार नाही, पण भोपळा खोलीत असल्यासारखं वाटेल. तिथे थांबा. मग सब बंद करा, तानपुरा भिंतीत मागे गेल्यासारखा झाला तर जागा बरोबर आहे. तबला सुरू झाल्यावर हात पुन्हा नॉबकडे जाईल. जाऊ देऊ नका. विलंबित संपेपर्यंत तसंच ऐका, दुसऱ्या दिवशी तीच तबकडी पुन्हा लावा, आणि तेव्हाही घुमत असेल तर गेनला हात न लावता आधी सब एक फूट सरकवा.